व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना आवाज चित्राच्या मागे का पडतो?

कृष्णाकाठ:

नमस्कार. आमच्या घरी १९९० नंतरच्या काही व्हीएचएस कॅसेट आहेत आणि त्या डीव्हीडीवर उतरवण्याचे काम मी हाती घेतले आहे. त्यांतल्या दोन कॅसेट विशेष मोलाच्या आहेत. पहिलीत माझ्या आजोबांचे सांगलीजवळच्या गावातल्या देवळात झालेले नारदीय कीर्तन आहे. ते एकाच कॅमेऱ्याने, तिपाईवरून, मध्ये कुठेही न थांबता सुमारे दीड तास चित्रित केलेले आहे. दुसरीत थोरल्या बहिणीचे लग्न आहे. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत छायाचित्रकाराने कॅमेरा बंद-चालू करत घेतलेले चित्रण एकाच कॅसेटवर आहे. आजोबांचा आवाज घरात आता त्या एकाच कॅसेटवर उरला आहे, म्हणून हे काम नीटच व्हावे अशी माझी इच्छा आहे.

जोडणी अशी आहे: व्हीसीआरची पिवळी, पांढरी आणि लाल तार एका साध्या यूएसबी कॅप्चर डोंगलला (चित्र आणि आवाज संगणकात घेणारे छोटे उपकरण), आणि डोंगल लॅपटॉपला. डोंगलसोबत आलेल्या सॉफ्टवेअरने फाइल तयार होते आणि त्या फाइलवरून मी डीव्हीडी तयार करतो. अडचण अशी की कीर्तनाच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द अचूक जुळतात; पण पुढे पुढे आवाज मागे पडत जातो आणि शेवटच्या अभंगापर्यंत चिपळ्या आधी मिटलेल्या दिसतात आणि त्यांचा नाद नंतर ऐकू येतो. लग्नाच्या कॅसेटमध्ये तर ‘सावधान’ हा शब्द ऐकू येण्यापूर्वीच अक्षता पडून गेलेल्या असतात. याच कॅसेट व्हीसीआरवरून थेट टीव्हीवर लावल्या तर कोणताही दोष दिसत नाही.

प्लेअरमध्ये आवाज पुढे-मागे सरकवण्याची सोय आहे. पण शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. कॅसेट जुनी झाली की फीत ताणली जाते आणि असे व्हायचेच, असे एका दुकानात मला सांगण्यात आले. हे खरे आहे का, आणि असल्यास त्यावर काही उपाय आहे का?

चुंबकीय:

नमस्कार कृष्णाकाठ. टीव्हीवर थेट लावल्यावर दोष दिसत नाही, हे तुम्ही तपासून लिहिलेत ते फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. दोष कॅसेटचा नाही.

व्हीएचएसच्या फितीवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या जागी असतात. चित्र फिरत्या ड्रमवरचे हेड तिरप्या रेघांमध्ये लिहिते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, तयार होते. साधा आवाज फितीच्या कडेला एका स्थिर हेडने नोंदलेला असतो. जागा वेगळ्या असल्या तरी दोन्ही एकाच फितीवर आहेत, त्यामुळे फीत ताणली गेली किंवा व्हीसीआर थोडा हळू चालला, तरी चित्र आणि आवाज दोन्ही बरोबरच हळू होतात. दीड तासात आवाजाने चित्राला सोडून मागे पडत जावे, असे फितीवर घडूच शकत नाही.

ही ताटातूट व्हीसीआरच्या पुढे होते. पिवळ्या तारेतले चित्र डोंगलमधल्या एका भागाकडे जाते आणि पांढऱ्या-लाल तारांतला आवाज दुसऱ्या भागाकडे. चित्राची मोजणी फ्रेममध्ये होते, सेकंदाला २५. आवाजाची मोजणी नमुन्यांमध्ये, म्हणजे ठरावीक क्षणांना घेतलेल्या आवाजाच्या मापांमध्ये होते, बहुधा सेकंदाला ४८,०००. फाइल चालवताना प्लेअर फक्त या दोन मोजण्यांवर विश्वास ठेवतो. मोजणीत फ्रेम कमी पडल्या असतील तर चित्र लवकर संपते आणि आवाज मागे राहतो. नमुने जास्त झाले असतील तरीही परिणाम तोच होतो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून उपायाला हात घालण्याआधी मोजमाप आवश्यक आहे.

मोजण्यासाठी अचानक सुरू होणारा, डोळ्यांना दिसणारा आवाज शोधावा. चिपळ्या, झांज, टाळी किंवा तबल्यावरची थाप यांसाठी उत्तम. फाइल अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडावी की ज्यात चित्र एकेक फ्रेम पुढे नेता येते आणि खाली आवाजाची लहरही दिसते. चिपळ्या मिटल्याची नेमकी फ्रेम आणि लहर उसळल्याची नेमकी फ्रेम यांतले अंतर लिहून ठेवावे. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये प्रत्येक प्रसंगाच्या आरंभी व अखेरीस अशी नोंद करावी.

एक बारकावा ध्यानात असू द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे कॅमेरा पंधरा मीटर लांब असेल तर आवाज एक फ्रेम उशिराच पोहोचतो. तो प्रत्यक्षातला उशीर आहे आणि त्याला दुरुस्त करू नये. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आयटीयू-आर बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, याचे कारणही हेच असावे की लांबचा आवाज उशिरा येतो हे आपण जन्मभर अनुभवत असतो.

कृष्णाकाठ:

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. सर्व आकडे फ्रेममध्ये आहेत आणि सगळीकडे आवाजच मागे आहे.

कीर्तन: आरंभी शून्य, ३० व्या मिनिटाला ९, ६० व्या मिनिटाला १८, ९० व्या मिनिटाला २७.

लग्न: ५ व्या मिनिटाला १ किंवा २, नेमके सांगता येत नाही. साधारण १२ व्या मिनिटाला सीमांतपूजन संपते, तेथे क्षणभर निळा पडदा येतो आणि पुढचे चित्रण सुरू होते. त्यानंतर १३ व्या मिनिटाला २४. मग ३० व्या मिनिटाला २९. ३१ व्या मिनिटाच्या आसपास पुन्हा निळा पडदा आणि ३२ व्या मिनिटाला एकदम ६०. ६० व्या मिनिटाला ६८.

चुंबकीय:

इतकी काळजीपूर्वक केलेली नोंद क्वचित वाचायला मिळते. तुमच्या आकड्यांत दोन वेगळे दोष दिसतात आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये ते एकमेकांत मिसळलेले आहेत.

कीर्तनाचे आकडे पाहा. दर अर्ध्या तासाला बरोबर ९ फ्रेम, म्हणजे ०.३६ सेकंद. ९० मिनिटांत १.०८ सेकंद. हा एकसारखा उतार आहे आणि त्याचे प्रमाण १०,००० सेकंदांमागे २ सेकंद असे येते. फ्रेम गळाल्या असत्या तर अंतर इतके नियमित वाढले नसते. येथे प्रश्न दोन घड्याळांचा आहे. फ्रेमचा वेग व्हीसीआरच्या ड्रमवर, म्हणजे व्हीसीआरमधल्या घड्याळावर ठरतो आणि नमुन्यांचा वेग डोंगलमधल्या घड्याळावर. दोन्ही स्फटिकांवर चालणारी घड्याळे आपापल्या जागी चांगली असतात. परंतु ती एकमेकांना विचारून चालत नाहीत. महागडी उपकरणे घेतली तरी दोन स्वतंत्र घड्याळे तंतोतंत सारखी चालतील अशी अपेक्षा करता येत नाही. ज्या उपकरणांत हा दोष येत नाही, त्यांत आवाजाचे घड्याळ चित्राच्या घड्याळाला बांधलेले असते. कॅनोपसच्या एडीव्हीसी मालिकेतले कन्व्हर्टर याच गुणासाठी ओळखले जातात.

आता लग्नाचे आकडे. १३ व्या मिनिटापासून ३० व्या मिनिटापर्यंत २४ चे २९ झाले, म्हणजे १७ मिनिटांत ०.२० सेकंद. ३२ ते ६० या २८ मिनिटांत ६० चे ६८ झाले, म्हणजे ०.३२ सेकंद. हाच तो कीर्तनातला उतार, कारण व्हीसीआर आणि डोंगल तेच आहेत. तो वजा केला की पहिल्या निळ्या पडद्याजवळ सुमारे २० फ्रेमची आणि दुसऱ्याजवळ सुमारे ३० फ्रेमची पायरी उरते. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की जोडावर फितीवरचे समकालन, म्हणजे चित्राची वेळ जुळवणाऱ्या खुणांची साखळी, तुटते. व्हीसीआरला काही क्षण सिग्नल सापडत नाही, तो निळा पडदा दाखवतो, आणि त्या गडबडीत डोंगलला पूर्ण फ्रेम मिळत नाहीत, म्हणून तो त्या देतच नाही. आवाजाच्या नमुन्यांची मोजणी मात्र अखंड चालू राहते. पहिल्या जोडावर अशा रीतीने ०.८ सेकंदाचे चित्र फाइलमध्ये आलेच नाही.

कीर्तनाच्या उताराला फाइल तयार झाल्यानंतरही दुरुस्त करता येते. पायऱ्यांची दुरुस्ती कॅप्चर करतानाच करणे श्रेयस्कर, म्हणून लग्नाची कॅसेट पुन्हा घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा घेताना डोंगलसोबतचे सॉफ्टवेअर बाजूला ठेवून व्हर्चुअलडब वापरावे. ते मोफत आहे आणि कॅप्चर चालू असतानाच गळालेल्या व घातलेल्या फ्रेमची संख्या दाखवते; हे दोन आकडे डोळ्यांसमोर असणे फार उपयोगाचे आहे. त्याच्या कॅप्चर विभागात टायमिंगची खिडकी आहे. फ्रेममध्ये मोठे अंतर पडले तर तेथे फ्रेम घालण्याचा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे जोडावर आधीचेच चित्र क्षणभर थांबलेले दिसेल पण मोजणी चुकणार नाही. त्याच खिडकीत आवाजाचा वेग चित्राच्या वेगाशी सतत जुळवून घेण्याचा पर्याय आहे. त्याने उतारही निघून जातो. आवाज डोंगलमधूनच घ्यावा, लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रातून घेऊ नये. कॉम्प्रेशनसाठी (फाइलचा आकार कमी करण्यासाठी) हफवाययूव्ही ही पद्धत वापरावी. त्याने ताशी ३० ते ४० जीबी जागा लागते, परंतु प्रत्येक फ्रेम स्वतंत्र राहते आणि लॅपटॉपवर भार कमी पडतो. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही.

व्हीसीआरच्या मेनूमध्ये निळा पडदा बंद करण्याची सोय असेल तर तो अवश्य बंद करावा. सिग्नल जरासा कमजोर झाला तरी निळा पडदा मध्ये येतो आणि जेथे खराब का होईना पण चित्र मिळाले असते तेथे काहीच मिळत नाही.

फीतघर:

चुंबकीय यांच्या म्हणण्याला जोड देतो. फ्रेम घालण्याचा पर्याय उपयोगी आहे. परंतु सिग्नलच स्थिर करून घेतला तर फ्रेम गळण्याचे मूळ कारण दूर होते. त्यासाठी टाइम बेस करेक्टर वापरतात. त्यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. काही चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये असतो तो ओळींचा करेक्टर. तो उभ्या रेषांची थरथर काढतो, पण जोडावर हरवलेली फ्रेम तो भरून देईलच असे नाही. पूर्ण फ्रेम साठवून ठरलेल्या वेळी बाहेर सोडणारा फ्रेम करेक्टर ही वेगळी वस्तू आहे. आत काहीही गोंधळ आला तरी त्यातून सेकंदाला २५ फ्रेम बाहेर पडतात, आणि आवाज न जुळण्याच्या तक्रारीवर खरा इलाज तोच आहे.

असे यंत्र आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते. त्याऐवजी जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडण्याची युक्ती जगभर वापरली जाते. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे नमुने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. डिस्कवर काही नोंदवायचे नाही. व्हीसीआरची तार रेकॉर्डरच्या लाइन-इनला, आणि रेकॉर्डरच्या लाइन-आउटची तार डोंगलला. रेकॉर्डर चित्र स्वतःच्या स्मृतीत घेऊन नव्याने बाहेर सोडतो. मात्र तीनही तारा रेकॉर्डरमधूनच न्याव्यात. चित्र रेकॉर्डरमधून आणि आवाज थेट व्हीसीआरमधून डोंगलला नेला, तर रेकॉर्डरला प्रक्रियेसाठी लागणारा अल्प वेळ चित्राला लागतो, आवाजाला लागत नाही, आणि एक नवीनच कायमचा फरक तयार होतो.

लॅपटॉपमुळेही फ्रेम गळतात. डोंगल यूएसबी हबला न लावता थेट लॅपटॉपला लावावा, वीज वाचवण्याच्या सेटिंगमधून यूएसबी पोर्ट झोपणार नाही याची खात्री करावी, आणि अँटिव्हायरसचा नेमलेला स्कॅन कॅप्चरच्या वेळी येऊ देऊ नये. कॅसेट लावण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत सैल-घट्ट न राहता एकसारखी गुंडाळली जाते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर मात्र ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नये. आपल्या पावसाळी हवेत हे सर्रास आढळते, आणि एका कॅसेटची बुरशी हेडवर बसून पुढच्या कॅसेटचेही चित्र बिघडवते.

ध्वनिपट:

कीर्तनाच्या फाइलबद्दल मला काही सांगायचे आहे, कारण येथे केवळ ओठ जुळवण्याचा नाही तर स्वर जपण्याचाही प्रश्न आहे. पुन्हा कॅप्चर करणे शक्य असेल तर ते करावेच. परंतु कॅसेट नाजूक असेल आणि ती पुन्हा चालवायची नसेल, तर आहे ती फाइल पूर्णपणे दुरुस्त होऊ शकते.

आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावा. त्यात कालावधी कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गाने स्वर तसाच ठेवून फक्त लय वाढवली जाते आणि दुसऱ्या मार्गाने वेग वाढवल्यामुळे स्वरही किंचित चढतो. स्वर बदलू नये म्हणून पहिला मार्ग निवडण्याकडे बहुतेकांचा कल असतो, परंतु येथे तो मार्ग हानिकारक आहे. स्वर तसाच ठेवून लय बदलताना सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडते, आणि चिपळ्यांच्या किंवा तबल्याच्या तीक्ष्ण आघातावर त्या जोडकामाच्या खुणा राहतात. वेग बदलताना असे काही होत नाही. तुम्हाला हवा असलेला बदल ०.०२ टक्के आहे. त्याने स्वर किती चढेल याचा हिशोब केला, तर एका अर्धस्वराचे शंभर भाग केल्यावर त्यांतल्या एका भागाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. कसलेल्या गायकाच्या कानालाही तो कळणार नाही, आणि जुन्या व्हीसीआरच्या स्वतःच्या वेगातला चढउतार त्याहून कितीतरी मोठा असतो.

म्हणून वेग बदलण्याच्या खिडकीत ०.०२० टक्के वाढ द्यावी आणि फाइल ४८ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवावी. नंतर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा आणि आवाजाचा कालावधी स्वतंत्रपणे पाहावा. आज त्यांत एका सेकंदाहून थोडा अधिक फरक दिसत असेल. दुरुस्तीनंतर तो नाहीसा व्हायला हवा. तरीही केवळ त्यावर विसंबून न राहता शेवटच्या अभंगातल्या चिपळ्या पुन्हा मोजाव्यात.

सुधा, पुणे:

या चर्चेत माझाही एक प्रश्न विचारते, विषय जवळचाच आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याने तिथल्या गणेशोत्सवाच्या जुन्या कॅसेट मला पाठवल्या आहेत. माझ्या व्हीसीआरवर त्या चालतात. पण फाइलमध्ये आवाज तासाभरात जवळजवळ साडेतीन सेकंद मागे पडतो. कृष्णाकाठ यांच्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. माझा डोंगल सदोष आहे का?

चुंबकीय:

सुधाताई, तुमच्या डोंगलमध्ये दोष असण्याची शक्यता कमी आहे. अमेरिकेतल्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात आणि त्यांत सेकंदाला २५ नव्हे तर २९.९७ फ्रेम असतात. काही सॉफ्टवेअर फाइलवर ३० असा पूर्णांकात बदललेला आकडा लिहून ठेवते. ३० आणि २९.९७ यांत हजारात एकाचा फरक आहे, म्हणजे तासाला ३.६ सेकंद, तुम्ही दिलेला आकडा जवळपास तोच आहे. अशा फाइलमधला आवाज बरोबर असतो आणि चित्र किंचित वेगाने पळत असते, म्हणून आवाजाला हात लावू नये. व्हर्चुअलडबच्या फ्रेम रेटच्या खिडकीत मूळ वेग २९.९७ असा बदलून फाइल साठवावी.

बहुपद्धती व्हीसीआर एनटीएससी कॅसेट बहुधा पाल-६० नावाच्या मिश्र स्वरूपात बाहेर देतात. डोंगलच्या मांडणीत पाल-६० किंवा एनटीएससी ४.४३ हा पर्याय निवडावा. साधा पाल निवडला तर चित्र सरकते किंवा रंग जातात आणि फ्रेमही गळतात. डीव्हीडीसुद्धा ७२०×४८० आकाराची, एनटीएससी पद्धतीचीच करावी. २५ फ्रेममध्ये रूपांतर करण्याने लाभ काही नाही आणि हालचाल मात्र अडखळत दिसते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. एका परिचितांकडून डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला. तो मध्ये जोडून, निळा पडदा बंद करून आणि व्हर्चुअलडब वापरून दोन्ही कॅसेट पुन्हा घेतल्या. कीर्तनात गळालेल्या फ्रेम शून्य आहेत आणि ९० व्या मिनिटाला चिपळ्या आणि नाद एकाच फ्रेमवर येतात. लग्नाच्या फाइलमध्ये दोन्ही जोड पार करूनही अंतर वाढत नाही. मंगलाष्टकांच्या शेवटी ‘सावधान’ आणि अक्षता एकत्र येतात, हे आईने पाहिले तेव्हा तिला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता एकच अडचण उरली आहे. लग्नाच्या हफवाययूव्ही फाइलवरून एमपेग-२ (डीव्हीडीवरच्या चित्राचे स्वरूप) फाइल केली, तिच्या सुरुवातीचा अनावश्यक भाग कापला आणि डिस्क तयार केली. डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज एकसारखा सुमारे १० फ्रेम मागे आहे. तो वाढत नाही, कमीही होत नाही. कीर्तनाच्या डिस्कमध्ये असे झाले नाही. तिच्यात काहीही कापलेले नव्हते.

फीतघर:

कीर्तनाची डिस्क बरोबर आहे आणि लग्नाची नाही, यावरून दोष कापण्याच्या टप्प्यावर आहे असे दिसते. एमपेग-२ मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते. काही फ्रेमपुरत्या गटात पहिलीच फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. पाल डीव्हीडीत हा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो. तुम्ही गटाच्या मध्ये कापले की अनेक सॉफ्टवेअर आवाज सांगितलेल्या जागी कापतात, पण चित्र मात्र पुढच्या पूर्ण फ्रेमपासून सुरू करतात. चित्राचा पुढचा भाग आधी सुरू झाल्यामुळे आवाज तेवढ्याने मागे राहतो, आणि तो फरक शेवटपर्यंत तसाच टिकतो. १० फ्रेम हा आकडा १५ च्या आत बसतो.

म्हणून सर्व कापाकापी हफवाययूव्ही फाइलवरच करावी आणि एमपेग-२ हा त्यानंतरचा टप्पा ठेवावा. एमपेग-२ झाल्यावर फाइलला हात न लावता ती थेट डिस्क तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यावी. चित्र आणि आवाज वेगळे करून पुन्हा जोडण्याची गरज पडल्यास दोन्हींचा आरंभ एकच आहे याची खात्री करावी, कारण वेगळे करताना फाइलमधल्या वेळेच्या खुणा नाहीशा होतात. आवाज नेहमी ४८ किलोहर्ट्झचाच द्यावा, डीव्हीडीला ४४.१ किलोहर्ट्झ चालत नाही. बदलत्या बिटरेटचा एमपी३ आवाज असलेल्या एव्हीआय फाइलवरून डिस्क करणे कटाक्षाने टाळावे, अशा फाइलमध्ये आवाजाची जागा शोधताना सॉफ्टवेअरचा अंदाज चुकतो.

४.७ जीबीच्या डिस्कवर दीड तासासाठी चित्राला सेकंदाला सुमारे ६ मेगाबिट आणि आवाजाला एसी-३ स्वरूपात २५६ किलोबिट दिले तर दोन्ही व्यवस्थित बसतात.

ध्वनिपट:

एक तपासणी बाकी आहे. आजच्या सपाट टीव्हींमध्ये चित्रावर प्रक्रिया होते आणि त्यात वेळ जातो. आवाज वेगळ्या ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर चित्र मागे पडल्यासारखे दिसते. त्यामुळे नवी डिस्क पारखण्यापूर्वी विकत घेतलेली एखादी चांगली डिस्क त्याच प्लेअरवर आणि त्याच टीव्हीवर लावून पाहावी. तिच्यातही ओठ चुकत असतील तर टीव्हीची सेटिंग बदलावी, फाइल बदलू नये. आणि हफवाययूव्हीची मूळ फाइल डिस्क तयार झाल्यावर पुसू नका. ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, कारण पुढे कोणत्याही स्वरूपात प्रत करायची झाली तर ती याच फाइलवरून करता येईल आणि कॅसेट पुन्हा व्हीसीआरमध्ये घालावी लागणार नाही.

कृष्णाकाठ:

मूळ फाइलमध्येच कापून नव्याने एमपेग-२ केले. डिस्कवर सीमांतपूजन, मंगलाष्टके आणि वरात या तिन्ही ठिकाणी मोजले, कुठेही एका फ्रेमपेक्षा अधिक फरक नाही. वरातीत बँडवाला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे तेथे एक फ्रेम आवाज मागे आहे, आणि चुंबकीय यांनी सांगितल्याप्रमाणे तो तसाच ठेवला आहे. मूळ फाइलची दुसरी प्रत आज बहिणीकडच्या हार्ड डिस्कवर ठेवली.